आधी भरलेला गॅस गेला कुठे?

होळी झाली की मुंबईच्या उपनगरांतल्या गॅरेजांमध्ये एसीचा मोसम सुरू होतो. अंधेरीच्या लिंक रोडमागच्या गल्ल्यांत, घाटकोपर ते मुलुंड लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही कडांना, बोरिवलीत रुळांच्या अलीकडे-पलीकडे बॉनेट वर केलेल्या गाड्या दिसू लागतात. डिसेंबर-जानेवारीत ज्या एसीकडे कुणी ढुंकूनही पाहिलेले नसते, तो मार्चच्या उन्हात कोमट हवा फेकायला लागतो आणि मालक गाडीतून उतरता उतरताच सांगतो, "गॅस भरायचाय." गेज लागलेला नसतो, कंडेन्सर कुणी पाहिलेला नसतो, पण निदान ठरलेले असते. गॅरेजवाला कॅन उचलतो, नळी जोडतो, इंजिन चालू ठेवून गॅस आत सोडतो. थोड्याच वेळात डॅशबोर्डाच्या जाळीतून गार झुळूक येते. पैसे देऊन गाडी निघते आणि पुढच्या मार्चमध्ये, कधी कधी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, पुन्हा त्याच दारात येते.

आधी भरलेला गॅस गेला कुठे, हे मात्र या व्यवहारात कुणीच विचारत नाही.

पेट्रोल जळते, ब्रेकचे पॅड झिजतात, इंजिन ऑइल काळे पडते. एसीतला गॅस यातले काहीच करत नाही. तो बंद वर्तुळात फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, त्यामुळे तो तापतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि द्रव होतो. ड्रायरमधून जाताना त्यातला ओलावा टिपला जातो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो सुटतो, दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डाआडच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळू लागतो. आज बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस मोकळ्या हवेच्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. उकळायला लागणारी उष्णता तो गाडीतल्या हवेतून घेतो. तिथून पुन्हा कॉम्प्रेसरकडे. वर्षानुवर्षे तोच गॅस, तेवढाच. रबरी नळ्यांमधून आणि सीलमधून वर्षाला काही ग्रॅम झिरपतात, ते सोडले तर कमी होण्याचे कारणच नाही. वर्षभरात एसी गरम हवा देत असेल तर कुठेतरी भोक आहे, कुठले तरी सील गेले आहे, किंवा दोष गॅसचा नाहीच.

मुंबईत भोके पडायला कारणे पुष्कळ. कंडेन्सर गाडीच्या अगदी पुढे, वाऱ्याच्या आणि खडीच्या तोंडावर. खारी हवा आणि पावसाळ्यातला चिखल त्याच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांना खात राहतात. कूलिंग कॉइलवर दमट हवेतले पाणी सतत साचते. त्यात धूळ मिसळली, केबिन फिल्टर वर्षानुवर्षे बदलला नाही, की ती कॉइल कुजते आणि आधी कुबट वास येतो, मग गळती लागते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर वायरी कुरतडतात. त्यात कॉम्प्रेसरच्या क्लचची वायर तुटली तर गॅस पूर्ण असूनही थंडावा शून्य. थंडीत महिना महिना एसी लावलाच नाही तर कॉम्प्रेसरच्या शाफ्टचे सील कोरडे पडते. आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवला तरी तेल फिरते आणि ते सील शाबूत राहते.

गिऱ्हाइकाला आणि कित्येक गॅरेजवाल्यांनाही चकवणारी गोष्ट म्हणजे दाब. बंद गाडीला गेज लावला आणि बाहेर ३० अंश तापमान असले, तर आर-१३४एचा दाब सुमारे ९७ पीएसआय दिसतो. आत १०० ग्रॅम गॅस असो वा ५०० ग्रॅम, थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी काटा तिथेच थांबतो, कारण तो दाब तापमानावर ठरतो, मापावर नाही. इंजिन चालू केल्यावर जास्त आणि कमी दाबाच्या दोन्ही बाजूंचे आकडे बरेच काही सांगतात, पण तेही बाहेरचे तापमान, पंख्याचा वेग, कंडेन्सरवरचा कचरा यांनुसार हलतात. किती ग्रॅम गॅस आहे हे फक्त तराजू सांगतो. बॉनेटखाली एक छोटा स्टिकर असतो, त्यावर गॅसचे नाव आणि ग्रॅममध्ये वजन छापलेले असते. लहान गाडीत ते ५०० ग्रॅमच्याही खाली असू शकते. शंभर ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फरक पडतो, आणि तो हाताच्या अंदाजाने कळत नाही.

साकीनाक्याला किंवा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर गाडी अडकली की कंडेन्सरला वारा मिळत नाही, फक्त पंख्याचा आधार. दाब चढतो. गाडीत गॅस आधीच जास्त भरलेला असेल तर दाब इतका चढतो की सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो. मालकाला वाटते, ट्रॅफिकमध्ये एसी गार करत नाही म्हणजे गॅस कमी झाला. तो गॅरेजला जातो आणि आणखी अर्धा कॅन आत जातो. असे करत करत चांगला कॉम्प्रेसर मरतो आणि काही शे रुपयांचे काम कित्येक हजारांवर जाते. एसीच्या या धंद्यात मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे. मालकही प्रामाणिक, कारागीरही बहुतेक वेळा प्रामाणिक, आणि तरी दोघे मिळून गाडी बिघडवतात, कारण मोजण्याची सवय दोघांनाही नाही.

हे प्रकरण एका गाडीपुरते राहत नाही, ते गॅसच्या इतिहासामुळे. फ्रिज आणि एसीसाठी पूर्वी अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले विषारी किंवा पेट घेणारे वायू वापरत. १९२८च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली यांनी आर-१२ पुढे आणला. १९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीसमोर त्यांनी तो स्वतः छातीत ओढून घेतला आणि उच्छ्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली, म्हणजे वायू विषारीही नाही आणि पेटतही नाही. पुढची कित्येक दशके जगभरच्या गाड्यांत हाच गॅस होता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीत बाहेरून एसी बसवून घेणारे हौशी लोक होते, त्यांच्या गाडीतही तोच. मारुती ८००च्या सुरुवातीच्या एसी मॉडेलातही तोच. आपल्याकडे तो मफतलालच्या 'मॅफ्रॉन', एसआरएफच्या 'फ्लोरॉन' अशा नावांनी मिळे.

१९७४ साली मारियो मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिले की हे न विरघळणारे, न जळणारे वायू वर वर जात ओझोनच्या थरापर्यंत पोचतात आणि तिथे सुटणारे क्लोरिन ओझोन खाते. १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर ओझोनला पडलेले खिंडार जाहीर केले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी असे वायू आटोक्यात आणण्यासाठी माँट्रियल करार झाला. १९९० साली लंडनच्या बैठकीत तेव्हाच्या पर्यावरण मंत्री मनेका गांधी यांनी भारताची बाजू लावून धरली. हा वायू श्रीमंत देशांनी भरमसाट वापरला, तेव्हा तो सोडण्याचा खर्च आणि तंत्रज्ञानही त्यांनी द्यावे, ही ती मागणी. त्याच बैठकीत त्यासाठीच्या बहुपक्षीय निधीवर सहमती झाली. १९९२ साली भारत करारात सामील झाला, २००० साली ओझोननाशक पदार्थांचे नियम आले आणि १ ऑगस्ट २००८ला, ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी, दम्याच्या फवाऱ्यांसारखा औषधी वापर वगळता भारताने सीएफसीचे, म्हणजे आर-१२सारख्या वायूंचे, उत्पादन थांबवले. जगाने एकत्र येऊन एखादे संकट परतवल्याची उदाहरणे फार थोडी, आणि त्यातला आपला वाटा अभिमानाने सांगावा असाच आहे.

गाड्यांत आर-१२ची जागा आर-१३४एने घेतली. यात क्लोरिन नाही, ओझोनला धोका नाही. पण हवा तापवण्याची याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट आहे. कारखान्यांच्या तक्त्यांत हा आकडा कोरडा वाटतो, म्हणून तो गॅरेजात आणून पाहू. एका गाडीतला ५०० ग्रॅम गॅस हवेत सुटला, तर ते ७१५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. एक लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण २.३ किलो निघतो. म्हणजे तीनशे लिटरहून जास्त पेट्रोल. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी तेवढ्या पेट्रोलवर मुंबई-कोल्हापूर अशा जाऊन-येऊन सहा फेऱ्या मारील. गॅरेजमध्ये नळी सैल करून जुना गॅस सोडून द्यायला मिनिटभरही लागत नाही. आवाज थोडासा, रंग नाही, वास जवळजवळ नाही. न दिसल्यामुळे त्याची लाज वाटत नाही आणि न मोजल्यामुळे त्याची किंमत लागत नाही.

नीट केलेले काम कसे असते ते एकदा उभे राहून पाहावे, मन भरून येते. कारागीर आधी आयडेंटिफायर लावून आत कुठला गॅस आहे ते पाहतो, कारण मागच्या गॅरेजने काय भरले हे मालकाला माहीत नसते. मग रिकव्हरी मशीन जोडून जुना गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेतो आणि त्याचे वजन करतो. स्टिकरवर ४५० लिहिलेले आणि निघाले २८० ग्रॅम, तर १७० ग्रॅम गेला कुठे याचा शोध तिथून सुरू होतो. कोरडा नायट्रोजन भरून दाब धरला जातो, जोडांवर साबणाचे पाणी फिरते, तेलकट डाग शोधले जातात, कारण गॅस सुटताना कॉम्प्रेसरचे तेल थोडे थोडे बरोबर नेतो. जोड सापडला की ओ-रिंग बदलते, आणि तीही हिरव्या किंवा काळ्या योग्य जातीची, तेलाचे बोट लावून. कूलिंग कॉइल गेली असेल तर डॅशबोर्ड खोलावा लागतो, दिवस मोडतो. हे मालकाला पटवणे कारागिराला सर्वांत जड जाते.

सिस्टीम उघडली की ड्रायर बदलायचा आणि व्हॅक्यूम मारायचा. मुंबईच्या जुलैत हे टाळणे म्हणजे कॉम्प्रेसरला विष देणे. हवेत इतका ओलावा असतो की उघडी नळी तो शोषते. त्यात कॉम्प्रेसरमधले पॅग जातीचे तेल तर पाणी हपापून पिते. आत राहिलेले पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी गोठते आणि थंडावा मध्येच तुटतो, तेलाबरोबर मिळून आम्ल तयार करते आणि आतून धातू खाते. चांगला पंप आतला दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरांवरून जवळजवळ शून्याला नेतो. ३२ मिलिमीटरांखाली गेले की ३० अंशांच्या मुंबईतही पाणी उकळते आणि वाफ होऊन बाहेर ओढले जाते. यासाठी किमान अर्धा तास लागतो. नंतर पंप बंद करून काटा हलतो का हे पाहत थांबायचे असते. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर पंप म्हणून लावायची पद्धत अनेक ठिकाणी आहे, पण त्याला तेवढी खोल ओढ नसते. पाच मिनिटे घर्र करून तो बंद केला जातो आणि ओलावा आतच राहतो. शेवटी तराजूवर सिलिंडर ठेवून ठरलेले ग्रॅम भरायचे. एवढ्याला दीड-दोन तास जातात. कॅनमधून गॅस भरून देण्याला पंधरा मिनिटे.

आता त्या कारागिराकडे पाहू, कारण पहिली किंमत तो मोजतो. द्रव आर-१३४ए कातडीवर उडाला तर तिथले पाणी क्षणात गोठते. डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि हातमोजे हा काही मोठा खर्च नाही, तरी बॉनेटखाली वाकलेल्या मुलांच्या डोळ्यांवर चष्मा क्वचित दिसतो. हा वायू हवेपेक्षा साडेतीन पट जड आहे. गाडीखालच्या खड्ड्यात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये तो तळाशी साचतो आणि प्राणवायूला बाजूला सारतो. आत वाकलेल्याला घेरी येते, त्याला वाटते ऊन लागले. जवळ वेल्डिंग चालू असेल, कुणी विडी पेटवली असेल, तर तापलेल्या ज्वाळेत या वायूचे हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू होतात. म्हणून गॅस सुटत असताना आग नको आणि दारे उघडी हवीत. गळती तपासायला ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही जोडायचा नाही. तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. साधी दाबलेली हवाही नको, नायट्रोजनच हवा. रिकव्हरीचा सिलिंडर ऐंशी टक्क्यांच्या वर भरायचा नाही, आणि एप्रिलच्या दुपारी बंद गाडीच्या डिकीत सिलिंडर ठेवून बाजारात जायचे नाही. तापलेला द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते.

खोट्या गॅसचा धोका वेगळा. आर-१३४एचे लेबल लावलेल्या डब्यात दुसरेच काही निघते, असे जगभर घडले आहे. २०११ साली माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरांच्या कॉम्प्रेसरांचे स्फोट होऊन तीन कामगार मेले. त्या गॅसमध्ये आर-४०, म्हणजे मिथाइल क्लोराइड मिसळलेले होते. मिजलींच्या शोधाने जे हद्दपार झाले होते, त्यातलेच एक. ॲल्युमिनियमशी त्याची गाठ पडली की असे रसायन तयार होते जे हवा लागताच पेट घेते. गाडीचा एसी जवळजवळ सगळा ॲल्युमिनियमचा. स्वस्त म्हणून प्रोपेन-ब्युटेनचे मिश्रण भरणारेही आहेत, आणि कूलिंग कॉइल फुटली तर ते मिश्रण थेट माणसे बसलेल्या केबिनमध्ये येते. सीलबंद, ओळखीच्या कंपनीचा गॅस मागून घेणे आणि डबा समोर उघडायला लावणे हा मालकाचा हक्क आहे. कारागिराने त्याचा राग मानू नये, त्याच्याही जिवाचा प्रश्न आहे.

उपनगरांत थंड हवा आता चैनीची राहिलेली नाही, आणि मला ते मनापासून योग्य वाटते. २५ डिसेंबर २०१७ला देशातली पहिली एसी लोकल बोरिवलीहून चर्चगेटला निघाली. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४पासून धावते. २०१९ साली बेस्टच्या एसी बसचे किमान भाडे सहा रुपये झाले, तेव्हा भाजीची पिशवी घेतलेल्या बाईलाही ती परवडली. २०२५च्या मे महिन्यात ते बारा झाले, तरी गर्दी आहे. आता विजेच्या बस आणि विजेच्या टॅक्सी वाढत चालल्या आहेत, आणि त्यांचा एसी गॅरेजवाल्याने हात लावावा तसा नाही. कॉम्प्रेसर काही शे व्होल्टवर चालतो, त्याच्या वायरी नारिंगी असतात. त्यातले तेल बहुतेक ठिकाणी पीओई जातीचे, वीज न वाहू देणारे. नेहमीचे पॅग तेल थोडे जरी मिसळले तरी मोटारीच्या वेटोळ्यातून वीज गळते आणि धातूच्या सांगाड्यात येऊ शकते. पेट्रोल गाडीला लावलेली नळी न धुता तशीच इथे लावली, तरी तेवढे तेल पुरते. शिवाय बऱ्याच गाड्यांत हाच गॅस बॅटरीलाही थंड ठेवतो, म्हणजे इथे गळती लागली तर प्रश्न फक्त घामाचा राहत नाही.

अमेरिकेत १९९०च्या दशकापासून हे वायू मुद्दाम हवेत सोडायला बंदी आहे आणि गाडीच्या एसीचे काम मोबदला घेऊन करायला प्रमाणपत्र लागते. आपल्याकडे असे प्रमाणपत्र नसले तरी कुणीही गेज हातात घेऊ शकतो. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण गल्लीतला बहुतेक कारागीर उस्तादाच्या हाताखाली शिकतो. २०१९च्या भारतीय शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. ते योग्यच. पण प्रमाणपत्र मिळालेल्या मुलाच्या हातात रिकव्हरी मशीन नसेल तर तो काय करणार? स्वयंचलित मशीनची किंमत लाखाच्या घरात जाते. एका गल्लीतल्या पाच-सहा गॅरेजांनी मिळून एक घ्यावे, महापालिकेने किंवा परिवहन खात्याने त्याला मदत द्यावी, असे मला वाटते. आणि आपण मालकांनी गॅसच्या ग्रॅमचे नाही, दीड-दोन तासांच्या कामाचे पैसे द्यावेत. आज बिलात फक्त गॅस असतो, म्हणून गॅसच विकला जातो. गळती शोधण्याची मजुरी वेगळी लिहिली गेली तर कारागीर गळती शोधेल.

भंगाराकडेही लक्ष जायला हवे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाड्या सुट्या होतात, तिथे एसीची नळी कापली की उरलेला गॅस एका फुसकाऱ्यात जातो. २०२१च्या नियमांनी नोंदणीकृत भंगार केंद्रे आली. तिथे गाडी फोडण्यापूर्वी तिच्यातले द्रव आणि गॅस काढून घेणे अपेक्षित आहे. जुन्या गाडीचा शेवटचा मालक ती कुठे देतो, यावर तो गॅस सिलिंडरमध्ये जाणार की आकाशात, हे ठरते.

पुढचा कालखंड जवळ आला आहे. २०१६ साली रवांडाच्या किगालीत आर-१३४एच्या कुळातल्या वायूंचा वापर घटवण्यासाठी करार झाला, २०२१ साली भारताने तो स्वीकारला. २०२४ ते २०२६ या वर्षांच्या वापरावरून आपली मर्यादा ठरते आहे. २०२८ला वाढ थांबवायची, २०३२पासून पायरी-पायरीने घट, २०४७पर्यंत पंच्याऐंशी टक्के. काही महागड्या गाड्यांत आर-१२३४वायएफ आधीच आला आहे. तो हवा जवळजवळ तापवत नाही, पण सौम्यपणे पेट घेऊ शकतो, आणि त्याची मशीन वेगळी लागते. गॅस जसा दुर्मीळ होईल तसा महाग होईल, आणि आज फुकट सोडून दिला जाणारा प्रत्येक ग्रॅम उद्या ओढून घ्यावासा वाटेल.

त्याच सुमारास आणखी एक गिऱ्हाईक या गॅरेजांत येणार आहे. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकांच्या केबिनला एसी असणे बंधनकारक झाले आहे. मुलुंडच्या आणि दहिसरच्या चेकनाक्यांवर पन्नास अंशांना टेकलेल्या केबिनमध्ये तासन्‌तास बसणारे ड्रायव्हर आपण आयुष्यभर पाहिले. त्यांना हा थंडावा मिळायलाच हवा होता, फार आधी. यातले पहिले ट्रक धुळीने बुजलेले कंडेन्सर आणि खडीने फुटलेल्या नळ्या घेऊन २०२७-२८च्या उन्हाळ्यात गॅरेजांच्या दारात उभे राहतील, म्हणजे नेमके वापराची वाढ थांबवायच्या वर्षाच्या तोंडाशी. ट्रकच्या ड्रायव्हरकडे वेळ नसतो, मालकाचा फोन सुरू असतो, आणि तो म्हणेल, "भाऊ, गॅस टाकून द्या, निघायचंय." तेव्हा समोरच्या कारागिराकडे तराजू, पंप आणि नायट्रोजन असला पाहिजे, आणि दीड-दोन तास मागण्याची हिंमत असली पाहिजे. त्याची तयारी करायला आपल्या हातात फार वेळ नाही.